१८८ मिनिटांचा गणपती, ४.७ जीबीची चकती: फाइल फुगते कशी? (मदत हवी)

नौपाडाकर_४०

नमस्कार मंडळी,

आमची बिल्डिंग ठाण्याच्या नौपाड्यात. तीन मजली, लिफ्ट नाही, चौदा बिऱ्हाडं. दिवाळीनंतर सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या आहेत, रिडेव्हलपमेंटला चाललीय. म्हणजे यंदाचा गणपती जुन्या आवारातला शेवटचा, म्हणून कार्यक्रम जरा दणक्यात केला. शूटिंग भरलं तीन तास आठ मिनिटं. सचिवांच्या पुतण्याने त्याची एकच एमपी४ फाइल करून दिली, ३.१ जीबीची.

सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं असतं तर हा धागा निघालाच नसता. पण चौदापैकी सहा घरांत फक्त ज्येष्ठ नागरिक आहेत आणि त्यांना 'ती चकती' हवी आहे. सहांना दिली तर बाकीचे आठ रुसणार. म्हणून चौदा डीव्हीडी राइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. (मी बँकेत कर्जखात्यात आहे.)

आता अडचण. पाकिटावर ४.७ जीबी छापलंय, फाइल ३.१ ची. दीड जीबी उरायला हवी की नाही? सॉफ्टवेअर म्हणतं, प्रोजेक्ट ८.६ जीबी, डिस्कवर मावत नाही. मला वाटलं फाइलच जड असेल, म्हणून रात्रभर लावून ती आणखी दाबली आणि १.४ जीबीवर आणली. पुन्हा टाकली. ८.६! एक टिंबसुद्धा हललं नाही. हे काय गौडबंगाल आहे?

खाडीपलीकडचा

पेनड्राइव्ह द्या सगळ्यांना. विषय संपला.

नौपाडाकर_४०

ते पहिल्याच मीटिंगमध्ये सुचवून झालं. तळमजल्यावरच्या आजींच्या प्लेअरला यूएसबीचं भोक आहे, पण त्याला एमपी४ वाचता येत नाही. शिवाय आजी म्हणाल्या, "ते बोटाएवढं मी हरवीन."

बेलापूरचा_बिल्ला

झिप करून बघा. निम्मी होईल.

टर्मिनलवाला_ऐरोली

@बेलापूरचा_बिल्ला, व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिप करून एक टक्काही कमी होत नाही. आणि झाला असता तरी डीव्हीडी प्लेअर झिप उघडणार आहे का?

वाशीवाली

नौपाडाकर, मला तांत्रिक भाषा जमत नाही, पण मुलाने मला असं समजावलं होतं: एमपी४ म्हणजे कच्ची कुरडई. डब्यात शंभर मावतात. प्लेअरला मात्र तळलेलीच लागते, आणि तळली की फुगणारच. डबा तोच, कुरडया त्याच, पण झाकण लागत नाही.

चकतीवाले_काका

ताई, उदाहरण झकास आहे, पण अर्धंच लागू पडतं. कुरडई किती फुगणार हे कुरडईवर असतं. इथे ते तळणाऱ्यावर आहे.

मी आधी ओळख देतो. १९९८ पासून चौदा वर्षं मी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायचो. व्हीएचएस, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. त्यामुळे 'मावत नाही' हे वाक्य मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

नौपाडाकर, फाइल आणखी दाबून उपयोग शून्य, कारण तुमची फाइल डिस्कवर जातच नाही. डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली, तिला एमपेग-२ कळतं, म्हणजे व्हिडिओ दाबायची जुनी पद्धत. तुमच्या एमपी४च्या पोटात जे एच.२६४ आहे ती नवी पद्धत, २००३ सालची. प्लेअर बिचारा सात वर्षांनी म्हातारा. म्हणून सॉफ्टवेअर तुमची फाइल पूर्ण उलगडतं, प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ चं करतं आणि एमपेग-२ मध्ये नव्याने बांधतं. बांधताना दर सेकंदाला किती बिट खर्चायचे ते सेटिंगमध्ये बघतं, फाइलला विचारत नाही. तिथे जो बिटरेट असेल त्याला सेकंदांनी गुणा, झाला आकार. तुम्ही ३.१ द्या नाहीतर १.४ द्या, सेकंद तेवढेच राहिले ना? म्हणून ८.६ हललं नाही.

उलट १.४ ची फाइल वापरलीत तर चित्र खराब आणि आकार तेवढाच, असा दुहेरी तोटा. ती आजच डिलीट करा.

आता एक प्रश्न. ८.६ जीबीला ११,२८० सेकंदांनी भागलं तर सेकंदाला साडेसहा हजार किलोबिट पडतात. अशा सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ बहुधा ५००० वर लावलेला असतो. मग वरचे दीड हजार कोण खातंय? सेटिंगमध्ये ऑडिओसमोर काय लिहिलंय ते वाचून सांगा.

नौपाडाकर_४०

काका, व्हिडिओ ५००० च आहे. ऑडिओसमोर 'एलपीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ'. तुम्हाला घरबसल्या कसं कळलं?

चकतीवाले_काका

४८,००० गुणिले १६ गुणिले २. उत्तर १५,३६,०००. सेकंदाला १५३६ किलोबिट, न दाबलेला आवाज. तुमच्या तीन तासांत नुसत्या आवाजाला २ जीबीच्या वर जागा गेली! अहो, भीमसेनजींची मैफल असती तर गोष्ट वेगळी. आवारातल्या कर्ण्याचा आवाज आहे तो. एसी३ निवडा (त्यात आवाज दाबून ठेवतात), १९२ किलोबिट ठेवा. तोच आवाज पाव जीबीत बसेल आणि आजींना फरक कळला तर मला कळवा.

टर्मिनलवाला_ऐरोली

काकांना +१. एक भर घालतो. पाकिटावरचे ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. विंडोज १०२४ ने भागतं, त्यामुळे तीच जागा कॉम्प्युटरवर ४.३७ दिसते. विंडोजमध्ये ४.६ दिसणारी फोल्डर 'मावायलाच हवी' म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात.

सोपा ठोकताळा: ६०० ला मिनिटांनी भागा. जे येईल तेवढे मेगाबिट दर सेकंदाला, आवाज धरून. मेनू आणि थोडी मोकळी जागा त्यात धरलेली आहे. दोन तासांना ५. तुमच्या १८८ मिनिटांना ३.१९. आवाजाचे १९२ वजा केले की व्हिडिओला ३००० उरतात.

आणि दादा, ते सॉफ्टवेअर सोडा. एफएफएमपेग घ्या, फुकट आहे, एका ओळीत काम होतं. टार्गेट 'पाल डीव्हीडी' (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) द्या, बाकी सगळं ते स्वतः लावतं.

नौपाडाकर_४०

एका ओळीत झालं खरं. ती ओळ टाइप करायला चाळीस मिनिटं लागली, पण झालं. रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी चहा घेऊन बघतो तर फाइल ८.५ जीबी. पुन्हा!!

टर्मिनलवाला_ऐरोली

सॉरी सॉरी, चूक माझी. नुसतं टार्गेट दिलं की ते व्हिडिओ ६००० आणि ऑडिओ ४४८ धरतं. बिटरेट वेगळा लिहायला हवा होता, ते मी सांगितलंच नाही. आणि दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत ते फक्त बघतं की कुठे हालचाल जास्त आहे, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटतं.

वाशीवाली

म्हणजे तळणारा बदलला, पण आच मोठीच राहिली. 😄

बेलापूरचा_बिल्ला

ताई कुरडई सोडायला तयार नाहीत.

नौपाडाकर_४०

अपडेट. ३००० वर दोन फेऱ्यांत केलं, आवाज एसी३. ४.२ जीबी आली, एका डिस्कवर मावली! एक राइट करून आजींकडे लावली. आरती सुंदर. सचिवांचं भाषण तर इतकं स्वच्छ की शर्टाच्या खिशातलं पेनसुद्धा दिसतंय. मग तलावपाळीकडे निघालेली मिरवणूक आली. लेझीम सुरू झाली, गुलाल उडाला आणि पडद्यावर मोझॅकची फरशी पसरली. गुलाबी लाद्या. माणसं लाद्यांमधून नाचतायत. आजी म्हणाल्या, "टीव्ही बिघडला वाटतं."

चकतीवाले_काका

टीव्ही ठणठणीत आहे. एमपेग प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही, मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढं साठवतं. सचिव एका जागी उभे, मागे पडदा, हलतात फक्त ओठ. खर्च काहीच नाही. गुलालात प्रत्येक कण दर क्षणी नव्या जागी, त्यात चाळीस माणसं नाचतायत. तिथे ३००० किलोबिट पुरत नाहीत. पैसे संपले की ते बारकावे सोडून देतं आणि चौकोन उरतात.

मला सांगा, ही एमपी४ कशापासून केली? कॅमेरा कुठला?

नौपाडाकर_४०

पुतण्याचा हँडीकॅम. कार्डावर एमटीएस नावाचे बरेच तुकडे होते, मिळून २४ जीबी. ते 'फार जड' म्हणून त्याने ३.१ ची एमपी४ केली.

चकतीवाले_काका

तेच वाटलं. कॅमेऱ्याने सेकंदाला १७ मेगाबिट घेतले होते, पुतण्याने त्याचे २.२ केले. लाद्यांचं बी तिथेच पेरलं गेलं. तुम्ही एकदा गाळलेला चहा पुन्हा गाळताय. कार्ड पुसलं नसेल तर मूळ एमटीएस आणा आणि थेट त्यातूनच एमपेग-२ करा. १०८० आय असेल, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत (इंटरलेस) असेल, तर ते तसंच राहू द्या, टॉप फील्ड (वरच्या ओळीपासूनचं अर्धं) आधी. उलटं झालं तर लेझीम मागे-पुढे थरथरेल.

आणि एका डिस्कचा हट्ट सोडा. व्हीसीडीच्या जमान्यात ८० मिनिटांच्या वर काही जातच नव्हतं. ३५२ बाय २८८ चं चित्र, ११५० किलोबिट, तरी सिनेमा दोन-दोन चकत्यांवर यायचा आणि मध्यंतराला उठून डिस्क बदलायची सगळ्यांना सवय होती. डोंबिवलीच्या एका लग्नाच्या मी चार केल्या होत्या. चौथीत फक्त जेवणाच्या पंगती. आजही सर्वात जास्त तीच बघतात म्हणे.

खाडीपलीकडचा

ड्युअल लेयर डीव्हीडी मिळते की. ८.५ जीबी. एकाच चकतीत काम.

चकतीवाले_काका

मिळते, महाग पडते, आणि जुने प्लेअर थर बदलताना अडखळतात किंवा डिस्क घेतच नाहीत. चौदा घरांत चौदा वयाचे प्लेअर. मी नाही सांगणार.

घोडबंदरची_घार

धागा वाचून हसून मेले. एक साधा उपाय सुचवते. सचिवांचं भाषण किती मिनिटांचं आहे?

नौपाडाकर_४०

सव्वीस.

घोडबंदरची_घार

मग कात्री लावा. १६२ मिनिटं उरतील. ६०० भागिले १६२, ३.७. लेझीमवाल्यांना न्याय मिळेल.

टर्मिनलवाला_ऐरोली

तेवढा फायदा होणार नाही, ताई. दोन फेऱ्यांत करताना भाषणाला आधीच कमी बिट दिलेले असतात आणि वाचलेले मिरवणुकीकडे वळवलेले असतात. भाषण कापलं तर फारसं काही सुटत नाही. सचिवांचं भाषण हा या डिस्कवरचा सर्वात स्वस्त भाग आहे.

घोडबंदरची_घार

हे वाक्य फ्रेम करून नव्या टॉवरच्या लॉबीत लावा.

नौपाडाकर_४०

कृपया हा धागा बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकू नये. सचिव तिथे आहेत.

दोन डिस्कचं ठरलं. पण कुठे कापायचं यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्या. बरोबर मध्यावर कापलं तर ९४व्या मिनिटाला दुसऱ्या मजल्यावरच्या नातवाचं 'मी शिवाजी' अर्ध्यात तुटतं. तलवार पहिल्या डिस्कवर आणि घोषणा दुसऱ्या डिस्कवर. आईवडील ऐकायला तयार नाहीत. शेवटी आरती, सत्कार, भाषणं आणि फॅन्सी ड्रेस पहिल्या डिस्कवर, ९७ मिनिटं. नाट्यछटा, समूहगीत आणि मिरवणूक दुसऱ्या डिस्कवर, ९१ मिनिटं. काका, हिशेब बरोबर आहे ना?

चकतीवाले_काका

पहिलीला ६०० भागिले ९७, साधारण ६.१. व्हिडिओ ५९०० लावा. दुसरीला ६.५, तिथे ६३०० लावा. कमाल मर्यादा ८००० ठेवा. डीव्हीडीत व्हिडिओ ९८०० पर्यंत चालतो, पण घरी राइट केलेल्या डिस्कवर तेवढं ताणू नये, जुन्या प्लेअरला दम लागतो. दोन्ही डिस्क ४.२ च्या आसपास येतील. ४.३७ पर्यंत ठासून भरू नका. डिस्क आतून बाहेर भरत जाते, शेवटची मिनिटं अगदी कडेला येतात, आणि स्वस्त डिस्क कडेलाच दगा देतात. तुमच्या दुसऱ्या डिस्कची कड म्हणजे विसर्जन. ते अडकलं तर चौदा घरांतून फोन येतील.

नौपाडाकर_४०

मूळ कार्ड मिळालं (पुतण्याने त्यावर मुरुडची ट्रिप घेतली नव्हती, नशीब). दोन्ही फाइली झाल्या. डीव्हीडीस्टायलरमध्ये साधा मेनू केला, मागे बिल्डिंगच्या जिन्याचा फोटो. आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) ४.२ आणि ४.२.

आता नवीन रडगाणं. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. पहिली डिस्क ऑफिसात राइट केली होती, आता तिथे ऑडिट चालू आहे. ऐरोलीच्या साडूकडे बर्नर आहे. आयएसओ पेनड्राइव्हवर टाकायला गेलो. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, आतून पूर्ण रिकामा. संदेश काय, तर फाइल फार मोठी आहे! ३२ मध्ये ४.२ मावत नाही??

वाशीवाली

आता मला कळलं! हे आमच्याकडे झालंय. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, जागा कितीही असो. गोदाम मोठं आहे, पण दार लहान. एक्सफॅट करून फॉरमॅट करा.

टर्मिनलवाला_ऐरोली

ताईंना सलाम. फॉरमॅट करायचं नसेल तर आयएसओऐवजी व्हिडिओ_टीएस फोल्डर न्या. डीव्हीडीचा व्हिडिओ मुळातच १ जीबीच्या आतल्या व्हॉब तुकड्यांत असतो, ते एफएटी३२ वर बिनधास्त जातात. साडूंकडे इमजीबर्नने फोल्डरवरून थेट डिस्क करा. राइट करताना ८एक्स पुरे, आणि राइट झाल्यावर व्हेरिफाय करा. वेळ जातो, पण चौदा वेळा परत जाण्यापेक्षा बरं.

साडू ऐरोलीत कुठे? मी सेक्टर ८ मध्ये. लागलं तर हाक मारा.

चकतीवाले_काका

डेटा डिस्क म्हणून राइट करू नका एवढं बघा. आणि डिस्क फायनलाइज करा (म्हणजे लिहून झाल्यावर बंद करा), नाहीतर कॉम्प्युटरवर चालते आणि प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. वर कागदी लेबल चिकटवू नका. फिरताना तोल जातो, आणि कधी कधी लेबल आतच सुटतं. मार्करने लिहा, १ आणि २.

नौपाडाकर_४०

मंडळी, झालं. अठ्ठावीस डिस्क. ठाणे-वाशी लोकलने दोन फेऱ्या, साडूंकडे दोन जेवणं (दुसऱ्या वेळी सुरमई). एक डिस्क व्हेरिफायमध्ये नापास झाली, ती बदलली. काल रात्री गच्चीवर सगळ्यांना वाटल्या. लेझीम अशी दिसतेय की कोणाच्या फेट्याचा रंग कोणता ते सांगता येतं. गुलाल गुलालासारखा, लादी एकही नाही. सचिवांनी स्वतःचं भाषण दोनदा लावलं.

काका, ठाण्यात असाल तर मामलेदारची मिसळ माझ्याकडून. टर्मिनलवाल्याला दोन.

चकतीवाले_काका

तिखट झेपत नाही आता. चहा चालेल.

नौपाडाकर_४०

आत्ताच तळमजल्यावरच्या आजींचा फोन आला. पहिली बघून झाली, दुसरी लागत नाही, प्लेअर नुसता घुरघुरतोय, दार उघडत नाहीये. व्हेरिफाय तर केली होती! काय बघू?

चकतीवाले_काका

आधी विचारा, पहिली बाहेर काढली होती का.

नौपाडाकर_४०

खाली जाऊन आलो. कव्हरचे स्क्रू खोलावे लागले. वर २ होती, खाली १.